झटका, हृदय बंद पडणं आणि हार्ट फेल्युअर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर मी खूप वर्षं वाचतेय, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितेय. कुणीही अचानक गेलं की बातमीत एकच वाक्य येतं, "हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन". रात्री झोपेत गेला तरी तेच, पळता पळता कोसळला तरी तेच आणि चार वर्षं हृदयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला माणूस गेला तरी तेच. यात लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो हे मला कळतं, पण या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार कोंबले जातात आणि त्यामुळे घरात नेमकं काय करायचं हे चुकतं, आमच्याकडे चुकलंय म्हणून लिहितेय.

आधी बाबांचं सांगते. दोन वर्षांपूर्वी त्यांना धाप लागायला लागली, रात्री आडवं झालं की जास्त, उशा लावून बसून झोपायचे, पावलं सुजायची. ॲडमिट केलं, बरे झाले, डिस्चार्ज कार्ड हातात आलं आणि त्यावर लिहिलेलं "हार्ट फेल्युअर". डॉक्टर घाईत होते, गोळ्या कधी घ्यायच्या तेवढं सांगून पुढच्या पेशंटकडे गेले. भावाने कार्ड वाचून फोनवर नातेवाईकांना सांगितलं की हार्ट फेल झालंय, आत्या तिकडे रडायलाच लागली. बाबांनी पण ते वाचलं होतं. त्या रात्री ते झोपलेच नाहीत आणि सकाळी मला जवळ बसवून कागदपत्रं कुठल्या कप्प्यात आहेत ते सांगायला लागले. माणूस समोर बसून चहा पितोय, बोलतोय, आणि सगळं घर मात्र तो गेल्यासारखं वागतंय. हे सगळं एका शब्दाने केलं. फेल म्हणजे नापास, फेल म्हणजे संपलं, आपल्या डोक्यात एवढाच अर्थ बसलाय.

पुढच्या व्हिजिटला दुसऱ्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की फेल्युअर म्हणजे हृदय थांबलं असं नाही, तर पंप अशक्त झालाय, शरीराला लागतं तेवढं रक्त तो पुढे ढकलू शकत नाही, मग पाणी मागे तुंबतं, फुफ्फुसात साठलं की धाप लागते आणि पायात उतरलं की सूज येते. गोळ्या नीट घेतल्या, मीठ कमी ठेवलं, रोज सकाळी वजन केलं आणि दोनतीन दिवसांत वजन एकदम दोन किलो वाढलं तर लगेच कळवलं, तर माणूस वर्षानुवर्षं चांगला राहू शकतो. आमच्या मनावरचं केवढं ओझं उतरलं सांगू. हे सगळं पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं.

त्यातच इकोच्या रिपोर्टवर लिहिलेलं, ईएफ ३५ टक्के. आम्ही समजलो हृदय ३५ टक्केच चालतंय, ६५ टक्के गेलं. बऱ्याच घरांमध्ये हाच हिशोब होतो. ईएफ म्हणजे हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्ताने भरल्यावर प्रत्येक ठोक्याला त्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो आकडा, आणि तो निरोगी माणसाचा पण १०० कधीच नसतो, साधारण ५० ते ७० च्या मधे असतो. म्हणजे ज्याच्या रिपोर्टवर ६० आलंय त्याचा हा आकडा अगदी ठीक आहे, आणि तो मात्र ४० टक्के हृदय निकामी झालं म्हणून रात्र रात्र जागतोय. बाबांचं ३५ कमीच होतं, उपचार लागत होते, पण आम्ही समजत होतो तेवढं भयंकर नव्हतं.

आता दुसरी गोष्ट, ती मला अजून त्रास देते. एका कार्यक्रमात माझ्यासमोर एक गृहस्थ बोलता बोलता खाली कोसळले. सगळे ओरडले, अटॅक आला, अटॅक आला. कुणी पाणी मारलं, कुणी वारा घातला, कुणी गाडी काढायला पळालं. ते गृहस्थ तोंडाने मधूनच आचके देत होते आणि मीच म्हणाले की श्वास चालू आहे, घाबरू नका. त्यांना गाडीत घालून नेलं, पोचेपर्यंत सगळं संपलेलं. बातमीत आलं, हृदयविकाराचा तीव्र झटका.

नंतर मला कळलं की ते आचके म्हणजे श्वास नसतोच. हृदयातली वीज अचानक बिघडते, खालचे कप्पे आवळण्याऐवजी नुसते थरथरत राहतात, रक्त पुढे जातच नाही आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो, याला डॉक्टर कार्डियाक अरेस्ट म्हणतात. नाडी लागत नाही, हाक मारली तर ओ येत नाही. मेंदूला रक्त मिळालं नाही की चारपाच मिनिटांत नुकसान सुरू होतं, म्हणजे गाडी काढण्यात जी मिनिटं गेली तीच खरी होती. तेव्हा करायचं असतं ते तिथेच, जमिनीवर, ॲम्ब्युलन्सला फोन करायला सांगून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती पाचेक सेंटीमीटर खाली जाईल असं, आणि शॉक देणारं मशीन किंवा मदत येईपर्यंत थांबायचं नाही.

आणि झटका, म्हणजे हार्ट अटॅक, तो वेगळा. त्यात हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त देणारी रोहिणी गुठळीने बंद होते आणि तेवढा स्नायू मरायला लागतो. पेशंट बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, बोलतो, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय म्हणतो, घाम सुटतो, कळ हातात, जबड्यात, पाठीत जाते. डायबेटिस असलेल्यांना आणि बायकांना कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसती धाप, मळमळ, गळून गेल्यासारखं होतं, म्हणून गॅस झालाय म्हणून झोपून टाकतात. इथे छाती दाबायची नसते, वेळ न घालवता हॉस्पिटल गाठायचं असतं, कारण रोहिणी जेवढी लवकर उघडेल तेवढा स्नायू वाचतो. अटॅकमधून पुढे अरेस्ट होऊ शकतो हे खरं, आणि म्हणूनच घोळ होतो, पण सगळे अटॅक अरेस्ट नसतात आणि सगळे अरेस्ट अटॅकमुळे नसतात.

त्या दिवशी तिथल्या सगळ्यांच्या तोंडी अटॅक हा एकच शब्द होता, आणि अटॅक म्हटलं की आपल्याला एकच माहिती, गाडीत घाला. दुसरा शब्द माहीत असता तर कदाचित कुणीतरी गुडघे टेकून छाती दाबायला बसलं असतं. ते वाचलेच असते असं मी म्हणत नाही, पण काही न करता गेले याची टोचणी लागून राहते.

म्हणून माझं कळकळीचं म्हणणं आहे की अरेस्टला तुम्ही सरळ "हृदय अचानक बंद पडलं" असं लिहा. फेल्युअरला "हृदय अशक्त होण्याचा आजार" म्हणा, आणि "हृदयविकाराचा झटका" फक्त खऱ्या झटक्यासाठी ठेवा. कारण माहीत नसेल तर "अचानक निधन" एवढंच पुरे, त्यात काहीही कमीपणा नाही.

आता लिहायला बसलेच आहे तर बाकीचे शब्दही सांगते. आपल्याकडे "नस" या एका शब्दावर केवढा भार आहे बघा. इंजेक्शनला नस सापडत नाही ती नीला असते, पाठीत नस दबते ती मज्जातंतू असते, पायात नस चढते तो स्नायूचा गोळा असतो, आणि हृदयाची नस ब्लॉक झाली म्हणतात ती असते रोहिणी. शाळेत आपण सगळे शिकलो होतो की रोहिणी हृदयाकडून रक्त नेते आणि नीला हृदयाकडे आणते, किती सुंदर शब्द आहेत हे दोन, आणि परीक्षा संपली की आपण ते वहीतच ठेवून दिले. बातमीत "हृदयाला रक्त देणारी रोहिणी" लिहिलं तर कुणाला कळणार नाही असं मला वाटत नाही. उलट परिभाषा कोशातला "हृद्‌रोहिणी" एकदम टाकला तर वाचणारा अडखळेल, त्यापेक्षा उलगडून लिहिलेलं बरं. इंग्रजी शब्द वापरू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही, स्टेंट, पेसमेकर, बायपास हे आता आपलेच झालेत, फक्त जो शब्द वापराल तो त्या जागचाच असू द्या.

ब्लॉक आणि ब्लॉकेजचंही तसंच. माझ्या मैत्रिणीच्या आईच्या ईसीजीवर हार्ट ब्लॉक लिहून आलं तर घरचे स्टेंटच्या खर्चाची जुळवाजुळव करायला लागले. हार्ट ब्लॉक म्हणजे रोहिणीत अडथळा नव्हे, हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जाणारा विजेचा संदेश उशिरा पोचतो किंवा अडतो ते, कधी त्याला काहीच करावं लागत नाही आणि कधी पेसमेकर लागतो. अँजिओग्राफी ही तपासणी आणि अँजिओप्लास्टी हा उपचार, हे पण बातम्यांमध्ये सर्रास उलटसुलट होतं.

आणि बीपी. हायपरटेन्शन शब्दातलं टेन्शन म्हणजे मनावरचा ताण नाही हो, रक्तवाहिन्यांमधला दाब आहे. माझे सासरे ठामपणे म्हणायचे की मला कसलंच टेन्शन नाही मग मला बीपी कसा असेल, आणि गोळी बंद करायचे. वाढलेला रक्तदाब बहुतेक लोकांना जाणवतच नाही, मोजल्याशिवाय कळत नाही, आणि आतल्या आत हृदय, मेंदू, किडनीला त्रास देत राहतो. मनावरच्या ताणाने तेवढ्यापुरता आकडा वर जातो हे खरं, पण ताण नाही म्हणजे बीपी नाही असं होत नाही. आपल्याकडे "उच्च रक्तदाब" हा इतका नेमका शब्द असताना तोच वापरला तर असे किती गैरसमज टळतील.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं पण सांगते आणि थांबते. त्या गोळीने रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही, गुठळी पटकन होत नाही एवढंच. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत, दुसऱ्या काही गोळ्या रक्त गोठवणाऱ्या घटकांवर काम करतात. पण "पातळ" या शब्दाने माणसं घाबरतात, अंगातलं रक्त कमी होईल, अशक्तपणा येईल असं वाटून गोळी मनानेच बंद करतात, आणि स्टेंट बसवल्यानंतर पहिल्या काही महिन्यांत असं केलं तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन जिवावर बेतू शकतं. "गुठळी होऊ न देणारी गोळी" लिहायला एखादा शब्द जास्त लागतो, पण तेवढी जागा तुम्ही नक्की देऊ शकता.

जमलं तर आरोग्याच्या पानावर हे तीनही आजार एकाखाली एक, मोठ्या अक्षरात, कोसळलेल्या माणसाला काय करायचं त्या चित्रासकट एकदा छापा. मी ते कापून आमच्या जिन्यातल्या फळ्यावर लावेन.

आपली,
एक नियमित वाचक