प्लग मी का ओढला

वेंगुर्ला

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तू निघालीस. कुडाळपर्यंत गाडीत तू एक शब्द बोलली नाहीस, मीही बोललो नाही. फोटोत मागे लावायच्या तुझ्या कागदाचा रोल तेवढा उभा धरून बसलो होतो, आडवा ठेवला की मधे बाक येतो म्हणून. स्टेशनवर तो माझ्या हातातून घेतलास, तेव्हा ‘येते’ म्हणालीस की नाही ते मला ऐकू आलं नाही. तुतारी एक्सप्रेस सुटत होती.

काल आईने तुमच्या परळच्या खोलीचा फोटो दाखवला. तू, तुझ्या दोघी मैत्रिणी, मागे भिंतभर पांढरा कागद, चार लाइट. आई म्हणाली, बघा कशा दिसतायत पोरी. मी फोटो मोठा करून खालचा कोपरा बघितला. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर चार वायरी, त्यातल्या दोन दोन-पिनी. रात्री झोप लागली नाही. फोन केला तर पुन्हा आवाज चढेल, म्हणून लिहायला बसलो.

त्या दिवशी पडवीत तू आजीचा फोटो काढत होतीस आणि लाइटचा प्लग मी ओढला. सगळे पाहुणे बघत होते, आजी नव्या लुगड्यात बाकावर बसली होती, आणि मी ओरडलो, “बंद कर तो खेळ.” खेळ हा शब्द तुझ्या कामाला नव्हता, बाय. पागोळ्यांचं पाणी वाऱ्याने आत येत होतं. वायर त्या ओलीतून गेली होती. कागदावर डाग पडू नयेत म्हणून तू चपला काढून अनवाणी उभी होतीस आणि तुझा डावा हात लोखंडी स्टँडवर होता. मला तेवढंच दिसलं. बाकी काही दिसलं नाही. अण्णांचं तुला मी कधी नीट सांगितलेलं नाही आणि आताही सांगवत नाही. पंपाची वायर आणि ओले पाय, एवढंच.

तू म्हणालीस, “बाबा, तुम्हाला माझं काम कधी कळलंच नाही.” ते मला लागलं, कारण त्यात थोडं खरं आहे. पांढऱ्यापुढे माणूस बसवायचा म्हणजे पासपोर्ट, परीक्षेचा फॉर्म, खलाशांचं कार्ड, एवढंच मी आयुष्यभर समजलो. चादर ताणली, दोन लाइट मारले, कान दिसले पाहिजेत, संपलं. हौसेचा फोटो म्हणजे आपल्या स्टुडिओतला रंगवलेला पडदा. जिना, कमळाचं तळं, वर चंद्र. दांड्यावरची नवी जोडपी समुद्र पाच मिनिटांवर सोडून त्या तळ्यापुढे उभी राहायची. तू चार वर्षांची असताना त्या जिन्यावर चढायला गेलीस आणि पडदा फाडलास. चंद्राखालचा तो टाका अजून आहे. पुढे लाइटची छत्री धरायला तूच असायचीस, दोन्ही हातांनी, जत्रेत दशावताराचे फोटो काढायचे तेव्हासुद्धा. आठवतं का, रंगात नुसतं एक बाकडं, आणि त्यावर बसला की तोच गाववाला राजा व्हायचा. मागे राजवाडा नसायचा. हे मी जन्मभर बघितलं, पण स्टुडिओत आणलं नाही. ते तू आणलंस.

तू शिकवलेलं मी विसरलेलो नाही. एकच राखाडी कागद. माणूस कागदाला चिकटून बसवला तर कागद राखाडी राहतो. माणूस पुढे आणून लाइट त्याच्या जवळ घेतला तर मागचा कागद काळा पडतो, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो. आणि कागदालाच वेगळा लाइट दिला तर तोच पांढरा. एका रोलमध्ये तीन पडदे. पांढऱ्याला चार लाइट लागतात, दोन कागदावर, एक चेहऱ्याला, एक केसांना. चेहऱ्यापेक्षा कागदावर एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड, त्याहून जास्त झालं की तो उजेड उलटून गालाची कड खातो. हे मी दुकानात बसून आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, मग भांडलात कशाला?

चार लाइट म्हणजे चार वायरी. माझं मन तिथेच जातं.

तीन पिनांतली वरची जाड पिन लांब असते, ती उगाच नाही. आत जाताना ती आधी लागते, बाहेर येताना शेवटी सुटते. ती अर्थिंगची, फुटलेली वीज जमिनीत नेणारी. दोन-पिनी प्लग लावलास म्हणजे ती वाटच बंद. शिवाय चाळीतल्या जुन्या वायरिंगमध्ये तिसरं भोक असलं तरी त्याच्या मागे हिरवी वायर असेलच असं नाही. वायरमनकडून बघून घे. 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पडणारा स्विच, बसवायला सांग, मालक पैसे देत नसेल तर मी देतो. आपल्या घरचं अर्थिंग जांभ्यात, कोळसा-मिठाचा खड्डा. मे महिन्यात त्यात कळशीभर पाणी ओतायचं काम तुझं होतं. तू विचारायचीस, झाड कुठे आहे याला? मुंबईत तो खड्डा कोण बघतो, मला माहीत नाही.

बघ, ठरवलं होतं की दोन ओळींत आटपायचं. चोवीस वर्षांच्या मुलीला प्लग शिकवतोय. रागावू नकोस.

आजीचा फोटो बघितला. तू आईला पाठवलास, मला नाही, ते ठीक आहे. भाद्रपदातल्या दमटीने कागदाला लाटा आल्या होत्या, तू रडवेली झाली होतीस, मग तू आजीला सहा फूट पुढे आणलंस आणि लाटा विरून गेल्या. फोटोत त्या कुठेच नाहीत. कुड्यांनी ओघळलेली तिची कानाची पाळी दिसते. डाव्या हाताचा अंगठा पदराच्या काठात अडकवलेला आहे. गेली तीस वर्षं ती सवय माझ्या डोळ्यांसमोर आहे, पण मी ती बघितली नव्हती. डोळ्यांत सॉफ्टबॉक्सचा, लाइटवरच्या त्या कापडी पेटीचा, चौकोन, खिडकीसारखा. आईने तिला मोबाइल दाखवला तर म्हणते, “गो, माज्या पाठसून काय्येक नाय? घर खंय गेलां?” आणि मग बराच वेळ बघत बसली.

तू तिसरी फ्रेम काढलीस आणि मी प्लग ओढला. चौथी राहिली. तेवढं माझ्याकडून झालं.

तू मला त्या अमेरिकन फोटोग्राफर अर्व्हिंग पेनचं सांगितलं होतंस. 1948 साली पेरूतल्या कुस्को गावात त्याने तिथल्याच फोटोग्राफरचा स्टुडिओ भाड्याने घेतला आणि गावच्या माणसांचे फोटो काढले, आणि पुढे पॅरिसमध्ये मिळालेला नाटकाचा जुना पडदा किती वर्षं वापरला. मी नुसतं हं म्हटलं. मनात त्या गावच्या फोटोग्राफरचा विचार आला. त्याचीच खोली, त्याचाच उजेड, तीच माणसं. आजीच्या फोटोनंतर तो विचार पुन्हा आला. पण वाईट वाटलं नाही, कारण इथे तो पेन माझ्याच घरातला आहे.

आणखी एक, मग पुरे. जुने लाइट स्वस्तात घेतलेत असं आई म्हणाली. बंद पडला तर उघडू नका. प्लग काढला तरी आतला वीज साठवणारा कपॅसिटर भरलेला राहतो, 300 व्होल्टच्या वर. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांवरचे पांढरे डाग तू लहानपणी विचारायचीस, मी सांगायचो हायपोने, फोटो धुवायच्या औषधाने, झाले. हायपोने नाही झाले. पावसाळ्यात फ्लॅश उघडला होता, तू तेव्हा आईच्या पोटात होतीस. तिलाही मी हायपोच सांगितलंय. तिला कळवू नकोस.

शेजारचा मुलगा सोमवारी मुंबईला येतोय, त्याच्याकडे पिशवी देतोय. तीन-पिनी टॉप चार, एक टेस्टर, लेन्सच्या डब्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या, आणि रबरी स्लिपरचे तीन जोड, तुझ्या मैत्रिणींनाही. कोरे आहेत, तळवे साबणाने घासून वाळवलेत, कागदावर डाग पडणार नाही. ते फक्त कागदावर घालायचे, बाहेर नाही. तुझा नंबर मी सहा घेतला, आई म्हणते पाच.

तुझे
बाबा