धाकट्याला म्हणावं, आधी आकडे मांड

डिअरबॉर्न, मिशिगन

ती. आण्णा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोन ठेवला तेव्हापासून धाकट्याचं बोलणं डोक्यातून जात नाही. फोनवर तो मला बोलू देत नाही, म्हणून पत्र लिहितोय. आण्णा, त्याला ओसरीवर बसवून वाचून दाखवा.

"कोण्या तोंडानं मतं मागायला यायलेत? झेडपीला आपली अख्खी गल्ली नोटा दाबणार," असं तो म्हणाला. त्याचा राग खोटा नाही. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन उभ्याउभ्या कुजलं. जे हाती आलं ते डागी म्हणून भाव पाडला. २०२५-२६ च्या हंगामाला हमीभाव क्विंटलमागं ५,३२८ रुपये होता, पण तो कागदावर. तेव्हा बांधावर कुणी फिरकलं नाही, आणि आता दारात गाड्या उभ्या राहतायत. त्याच्या जागी मी असतो तरी हेच बोललो असतो.

पण मी ज्या गावात राहतो तिथं हेच घडताना मी जवळून पाहिलंय. मला इथं मत नाही, त्यामुळे नुसतं बघत राहावं लागतं. डिअरबॉर्नमध्ये अरब वंशाची माणसं निम्म्याहून जास्त. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सोबती मूळचा दक्षिण लेबनॉनचा. त्याची सगळी माणसं वर्षानुवर्षं डेमोक्रॅट पक्षाला मत देत आली. गाझाचं युद्ध सुरू झालं, डेमोक्रॅट सरकार इस्रायलच्या पाठीशी राहिलं आणि ती बिथरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवायच्या प्राथमिक निवडणुकीत मिशिगनमधल्या एक लाखाहून अधिक लोकांनी 'कुणालाही बांधील नाही' या रकान्यावर खूण केली. आपल्या नोटासारखंच ते. मतलब असा, की नोव्हेंबरच्या खऱ्या मतदानाला अजून आठ महिने आहेत, तोवर आमचं ऐका.

पक्षानं ऐकलं नाही. नोव्हेंबरात याच गावात तिसऱ्या पक्षाच्या जिल स्टाइन यांना साधारण १८ टक्के मतं पडली आणि जिथं डेमोक्रॅट सहज निघायचे तिथं ट्रम्प पहिले आले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सोबती डबा न उघडताच बसून होता. त्यानं स्टाइनना मत दिलं होतं. मला म्हणाला, "माझ्या मामाचं घर ज्यांच्या राज्यात पडलं, त्यांच्या नावापुढं माझा हात गेलाच नाही." मला त्याला दोष देता आला नाही, आजही देता येत नाही. आणि खरं सांगायचं तर ट्रम्प मिशिगनमध्ये सुमारे ८०,००० मतांनी पुढं होते. स्टाइनची राज्यातली सगळी मतं उचलून दुसरीकडं टाकली असती तरी ती खाई भरली नसती. तरीही हरलेल्या पक्षाचे लोक आजही याच गावाकडं बोट दाखवतात. आठ महिने आधी दारावर थाप पडली होती, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

आता उलटं उदाहरण. २००० सालच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडात रिपब्लिकन बुश आणि डेमोक्रॅट गोर यांच्यात फरक निघाला ५३७ मतांचा, बुश जिंकले. तिसऱ्या पक्षाच्या नेडर यांना तिथं पडली होती ९७,४८८. नेडरना मत देणाऱ्यांतले बरेचजण गोर यांच्याच बाजूचे, पण पक्षावर रुसलेले. सगळेच काही गोरकडं गेले नसते, कित्येक घरीच बसले असते. पण शंभरातला एक जरी जास्तीचा गोर यांच्याकडं वळला असता तरी निकाल फिरला असता.

धाकट्याला हे परदेशातलं वाटेल, तर आपल्याकडचं सांगा. २०१९ ला औरंगाबादची लोकसभा एमआयएमच्या इम्तियाज जलील यांनी ४,४९२ मतांनी जिंकली. शिवसेनेचे चंद्रकांत खैरे हरले, आणि अपक्ष हर्षवर्धन जाधवांनी २,८३,७९८ मतं घेतली. त्याच वर्षी नांदेडला काँग्रेसचे अशोक चव्हाण ४०,१४८ मतांनी पडले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १,६६,१९६ मतं मिळाली. नांदेडची मावशी अजून म्हणते, "वंचितनं मतं खाल्ली." मला हा शब्दच पटत नाही. मत काय कुणाच्या सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं? ती माणसं आपल्या मागण्या घेऊन काँग्रेसशी बोलणीला बसली होती, जागावाटप जमलं नाही. मग ज्यांना त्या मतांची गरज होती त्यांनी उंबरा झिजवायला नको होता का?

आणि आपलं लातूर ग्रामीण! २०१९ च्या विधानसभेला नोटाला २७,५०० मतं, थेट दुसऱ्या नंबरावर. आण्णा, त्या दिवशी तुम्हीही तेच बटण दाबून आला होतात आणि देवळाच्या पारावर अभिमानानं सांगत होतात. पण तिथं निवडून येणाऱ्याला लाखाच्या वर आघाडी होती. तिथं नोटा दाबून कुणाचं काही बिघडलं नाही, नाराजी तेवढी नोंदवली गेली. झेडपीचा गट तसा नसतो. तिथं कधीकधी दोन वाड्या इकडच्या तिकडं झाल्या की माणूस पडतो. आपल्या गल्लीत दीडशे मतं आहेत. ती बाजूला काढली तर कोण निवडून येईल हे धाकट्यानं नावानिशी सांगावं. तो माणूस त्याला चालणार असेल तर खुशाल नोटा दाबू दे. ज्यानं पीकविम्याच्या वेळी तोंड लपवलं तोच निघत असेल, तर मग थांबावं.

आणि थांबून गप्प बसू नये. अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेच्या आधी गल्लीतले पन्नास जण दोन्ही उमेदवारांकडं जा. विमा, पंचनामे, ओढ्यावरचा पूल, तिन्ही कागदावर मांडा. आमची दीडशे मतं अजून कुणाला बांधलेली नाहीत, असं तोंडावर सांगा. दोघांनीही हात वर केले तर आपल्यातलाच एक उभा करा. अर्ज भरायला मी पैसे पाठवतो. मतदानाच्या सकाळी मुकाट्यानं दाबलेलं बटण त्या दोघांना कळणार तरी कसं?

सोबती आता दर महिन्याला इथल्या नगरपरिषदेच्या बैठकीला जातो. परवा मलाही घेऊन गेला. मागच्या बाकावर बसून मी धाकट्याचाच विचार करत होतो.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव. धाकट्यानं मागण्यांची यादी केली की त्याला मला फोन करायला सांगा, रात्री कितीही वाजू देत.

तुमचा,
थोरला