मित्रास पत्र: विव्हियन मायरने स्वतः निवडलेले फोटो

प्रिय मित्रा,

फोटोग्राफर विव्हियन मायरची गोष्ट वाचून तुला तिची कीव आली, असं तू लिहिलंस. एवढं काम करून बाई अनोळखीच गेली म्हणून. मला कीव येत नाही रे. मला दुसरंच काहीतरी खुपतं, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

घटना तुला ठाऊकच आहेत. शिकागोतल्या तिच्या गोदामाचं भाडं थकलं आणि २००७ मध्ये आतल्या सामानाचा लिलाव झाला. जॉन मालूफ नावाच्या तरुणाला पुस्तकासाठी जुने फोटो हवे होते. त्याने सुमारे ४०० डॉलरला निगेटिव्हचं एक खोकं घेतलं. २००९ च्या एप्रिलमध्ये त्याने तिचं नाव इंटरनेटवर शोधलं, तर निघाली काही दिवसांपूर्वीची निधनाची बातमी. वय ८३. आयुष्यभर दुसऱ्यांची मुलं सांभाळलेली बाई. म्हणजे तिचं सगळं विकलं जात होतं तेव्हा ती जिवंत होती! हे मात्र माझ्याने सहन होत नाही.

पण रस्त्यावरची ती मला बिचारी वाटत नाही. १९५२ पासून तिच्याकडे रॉलीफ्लेक्स कॅमेरा होता. तो डोळ्याला लावत नाहीत, पोटाशी धरून वरून काचेत बघतात. समोरच्याला वाटतं, बाई खाली बघतेय. शिवाय भिंग कमरेच्या उंचीवर, त्यामुळे मळक्या कोटातला म्हातारासुद्धा तिच्या फोटोत उंच, भारदस्त उभा राहतो आणि लहान मुलं थेट नजरेला नजर देतात. रोलवर फोटो १२ च. अनेकदा एका प्रसंगाचा ती एकच फोटो घेई आणि पुढे निघून जाई. एवढा स्वतःवर भरवसा असलेल्या माणसाची कीव कशी करायची?

आता खुपतं ते सांगतो. मागे १ लाखाहून जास्त निगेटिव्ह उरले आणि शेकडो रोल तर धुतलेलेही नव्हते. ते तिने कधी पाहिलेच नाहीत. तिच्यानंतर परक्या माणसांनी धुतले. आणि रस्त्यावर फोटो काढणाऱ्याचं अर्धं काम घरी आल्यावर सुरू होतं, हे तू जाणतोस. कोणता ठेवायचा, कडेचं किती कापायचं, किती गडद छापायचा, हे ठरवताना त्याची नजर कळते. मायरसाठी हे सगळं मुख्यतः इतरांनी ठरवलं. आपण म्हणतो ‘मायरचे फोटो’, पण त्यातली निवड तिची नाही.

तिची स्वतःची निवड अगदीच हरवली आहे असंही नाही. शिकागोजवळच्या हायलंड पार्कला एका घरी कामाला असताना तिथल्या न्हाणीघरातच तिने डार्करूम, म्हणजे फोटो धुवायची-छापायची अंधारी खोली, केली होती. तेव्हाच्या तिच्या हातच्या प्रिंट उरल्या आहेत. रॉलीफ्लेक्सचा फोटो चौकोनी येतो; या प्रिंटमध्ये ती तो चौकोन बेधडक कापते, पार्श्वभूमी काढून चेहऱ्याजवळ जाते. प्रदर्शनांतून आपल्यासमोर येतो तो बहुतेकदा अख्खा चौकोन. देखणा असतो, कबूल. पण तिला तो तसाच हवा होता का?

मालूफबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याने ते खोकं टाकून दिलं असतं तर तू आणि मी आज कशावर बोललो असतो? हक्कांचा वाद २०१४ मध्ये कोर्टात गेला, कारण निगेटिव्ह विकत घेतले म्हणून ते छापायचा हक्क मिळत नाही. तो हक्क फोटोग्राफरच्या वारसांचा. ते वकील बघतील. माझं मागणं साधं आहे: प्रत्येक प्रदर्शनात, प्रत्येक पुस्तकात तिने स्वतः छापलेली प्रत आणि नंतर इतरांनी छापलेली प्रत शेजारी-शेजारी लावावी, आणि कोणती कुणाची ते खाली लिहावं. एवढा मान तिला मिळायलाच हवा.

तू तिचं पुस्तक घेणार म्हणालास ना? मग आधी तिच्या हातच्या प्रिंट त्यात आहेत का ते बघ. असल्या तर एकेक नीट बघून तिने काय कापलंय ते मला लिही. तुझी नजर माझ्यापेक्षा तयार आहे, म्हणून मुद्दाम विचारतोय.

तुझाच