किल्ली कुणाकडे ठेवलीस?

कल्याण, रविवार दुपार

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

"आई, तू मला आनंदीबाई करू नकोस," असं म्हणून तू फोन ठेवलास. मला राग आला होता. आता गेलाय, म्हणून लिहायला बसले. फोनवर आपण दोघी एकदमच बोलायला लागतो. तापाचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

तू तिकडे अमेरिकेत पकिप्सीहून पाठवलेला आनंदीबाईंच्या समाधीच्या दगडाचा फोटो बाबांनी मोठा करून आणला. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, साडी काढताना रोज दिसतो. आनंदीबाई जोशी, एम. डी., १८६५ ते १८८७. वजाबाकी केली की पोटात खड्डा पडतो. बावीसही पुरी नव्हती गं. आपल्या कल्याणची पोर, आणि राख कुठे, तर हडसन नदीकाठच्या त्या गावात, कार्पेंटरबाईंच्या घराण्याच्या जागेत.

मी त्या "घराण्याच्या जागेत"पाशीच अडकलेय. परवा तुझ्या बाबांचा कुलवृत्तांत काढला. तुझ्या पणजोबांपासून सगळे पुरुष ओळीने आहेत, मग बाबा, आणि बाबांच्या पुढे कोरं. म्हटलं, पेनाने मुक्ताचं नाव लिहा. तर म्हणतात, "छापलेल्या पुस्तकात असं कुणी लिहितं का?" शशीआत्या तर हसलीच. आणि तिकडे थिओडोसिया कार्पेंटर नावाची ख्रिस्ती बाई, आपल्या माणसांच्या रांगेत एका परक्या पोरीला जागा देते, वर दगडावर लिहवून घेते की शिकण्यासाठी भारत सोडणारी ही पहिली ब्राह्मण स्त्री. तिच्या घरात कुणी विचारलं नसेल का, ही आपली कोण म्हणून?

ओळख तरी कशी झालेली! आनंदीबाईंच्या नवऱ्याने, गोपाळरावांनी, बायकोच्या शिक्षणासाठी कोल्हापुरातून मिशनरी वाइल्डरना मदतीसाठी पत्र लिहिलं, ते त्यांच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेलची ही कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर येईपर्यंत ते मासिक चाळत होती. १८८० मध्ये तिने आपणहून पत्र धाडलं. रोझेल तुझ्या एडिसन गावापासून फार लांब नाही, बाबांनी नकाशावर बघितलं. आनंदीबाई तिला मावशी म्हणायच्या. कलकत्त्याला असताना त्यांचं डोकं दुखायचं, ताप यायचा, धाप लागायची, तर या मावशीने तिकडून औषधं पाठवली. तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं तेव्हा! गुण आला नाही, ती गोष्ट वेगळी. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या, पण जायला एक घर होतं. फिलाडेल्फियाचं कॉलेज, ती थंडी, सगळं त्यानंतरचं.

आणि तुला तीन दिवस १०२ ताप, फोन सायलेंटवर, आणि मला कळतं कुणाकडून, तर प्राजक्ताच्या आईकडून, भाजीवाल्यासमोर. मी हातातली मेथी तिथेच ठेवून घरी आले. तू क्रोसिन घेतलीस, झोपलीस, बरी झालीस, सगळं मान्य. पण तुझ्या घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे? तीन दिवसांत दार ढकलून आत येईल असं एक तरी माणूस

बघ, आलाच विषय. माफ कर.

तू चारेक वर्षांची असताना न्हाणीघरात कोंडून घेतलं होतंस. तुला कडी लावता यायची, काढता यायची नाही. मी बाहेरून रडतेय, तळमजल्यावरचे काका खिडकीची जाळी कापतायत, आणि दार उघडलं तर तू पाटावर बसून लोटीने पायावर पाणी ओततेयस. म्हणालीस, "मी ठीक आहे." अगदी परवासारखंच! ती लोटी अजून आहे, बूड चेपलेली. तुळशीला पाणी घालते तिने.

बाबा सगळ्यांना सांगत फिरतात, मुलगी तिकडे एकटी राहते, स्वतःचं स्वतः करते. मीही सांगते, महिला मंडळात तर दोनदा. रात्री मात्र झोप लागत नाही. आनंदीबाई एवढी डॉक्टर झाली, पण क्षयापुढे तिचं काही चालेना. इकडे परत आली आणि फेब्रुवारीत पुण्यात गेली. तुला क्षय नाही, मला माहीत आहे, असं मी म्हणतही नाही. खोकला राहिलाय का, एवढंच विचारणार होते. फोनवर शेवटी ऐकू आला होता. की ते फोनचंच होतं?

लेक्चर झालं पुन्हा. प्राजक्ताच्या भावाबरोबर मेतकूट, गूळपापडी आणि सुंठ पाठवतेय, तो अठराला निघतोय. सुंठ ठेवून दे, लगेच कुणाला वाटू नकोस. तुझ्या समोरच्या दारातल्या त्या आजी, ज्यांनी दिवाळीला तुझे अनारसे खाल्ले, त्या अजून तिथेच आहेत ना? त्यांना गूळपापडी नेऊन दे. आणि नेशील तेव्हा दुसरी किल्लीही त्यांच्याकडे ठेव. त्यांना ऐकू कमी येतं म्हणालीस, पण किल्लीला कुठे कान लागतात?

कुलवृत्तांतात मी पेन्सिलीने लिहिलंय. बाबांनी बघितलं, खोडलं नाही.

तुझी,
आई

ता. क. किल्ली दिलीस की "दिली" एवढाच मेसेज टाक. मी पुढे काही विचारणार नाही.