होबक किनाऱ्यासाठी माणसे, सह्या आणि पत्रे हवीत

सप्रेम नमस्कार,

वॉशिंग्टन राज्यातल्या नीआ बे इथे माकाह या मूळनिवासी जमातीच्या होबक किनाऱ्यावर आपले मंडळ वाहून आलेला कचरा उचलायला जाते, हे सर्वांना ठाऊक आहेच. बेल्व्यूच्या ज्या दाम्पत्याने रुंद चाकांची ढकलगाडी दिली (वाळूत रुतत नाही म्हणून माकाह मंडळीही ती मागून नेतात), ज्या काकांनी कातडी हातमोजे पुरवले आणि ज्या वहिनींनी पहाटे उठून थालीपिठे बांधून दिली, त्यांचे मंडळ कायम ऋणी राहील. गणपतीच्या जेवणाला आपली रांग दारापर्यंत जाते. किनाऱ्यावर मात्र गेल्या खेपेस नावे दिलेल्यांपैकी निम्मेच आले. असो.

2011च्या त्सुनामीनंतर आलेल्या कचऱ्यासाठी जपान सरकारने अमेरिकेला 50 लाख डॉलर दिले. रोज वाहून येणाऱ्या मासेमारीच्या दोरांना असा दाता नाही. 2006च्या सागरी कचरा कायद्याने माकाहसारख्या जमातींची सरकारे नोआच्या (अमेरिकेच्या सागर व हवामान संस्थेच्या) अनुदानाला पात्र आहेत, पण निम्मा खर्च स्वतः उभा करावा लागतो. अट शिथिल होऊ शकते, पण ते सरकारच्या मर्जीवर. छोट्या जमातीचे घोडे इथेच अडते. म्हणून जमातींसाठी ही अट कायमची काढावी आणि 2020च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या सागरी कचरा प्रतिष्ठानाचा पैसाही त्यांना थेट मिळावा, असे पत्र आपल्या दोन्ही सिनेटरांना व प्रतिनिधींना लिहा. छापील मजकुरापेक्षा स्वतःच्या चार ओळी बऱ्या.

तोवर आपले श्रम कामी येतात. स्वयंसेवकांचे तास जमातीच्या हिश्श्यात धरता येतात, मात्र हजेरीपत्रकावर आल्या-गेल्याची वेळ, काम आणि सही हवी. सही न करता निघालात तर तास वाया. दुसऱ्या सरकारी अनुदानात दाखवलेले तास इथे पुन्हा चालत नाहीत.

पुरलेला दोर ओढू नका, पाठ धरते. आधी खणा, मग दातेरी सुरीने हातभर तुकडे करा. फोमचे तरंडे अखंड उचला, फुटले की दाणे वाळूत मिसळतात आणि मग कोणालाच वेचता येत नाहीत. ढीग भरतीरेषेच्या वर. लाटेतल्या ओंडक्यांजवळ मुलांना सोडू नका, पाणी वाढले की ओंडका उलटतो.

येत्या शनिवारी, ओहोटी धरून. सिएटलहून चार-पाच तास, पहाटे निघणे. प्रत्येक गाडीला माकाह परवाना हवा, तो नीआ बेच्या दुकानात मिळतो. गमबूट, पाणी, डबा आपला. नावे बुधवारपर्यंत सचिवांकडे. पोती, सुऱ्या व पेट्रोलसाठी धनादेश मंडळाच्या नावे. मागे ‘किनारा’ लिहा, नाहीतर खजिनदार तो दिवाळीच्या खात्यात भरतात.

आपला,
सचिव