वाकोल्याच्या काकांना, आठ नंबरच्या सिलिंडरसाठी थँक्यू

काका, नमस्कार.

तुम्ही फोनवरचे मेसेज वाचत नाही हे माहितीये, पण नातू वाचून दाखवेल असं काकी म्हणाल्या, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितेय. गेल्या रविवारी माझ्या मॉडेल विमानाचं पूर्ण झालेलं इंजिन तुमच्या हातात दिलं, तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून ते डोळ्याला लावून बराच वेळ बघितलंत आणि "हां, आता सुरू होईल हे" एवढंच म्हणालात. मला त्यावर काही बोलताच आलं नाही, चहाचे कप उचलले आणि आत गेले. तेव्हा राहिलं ते आता लिहिते.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. मी डकोटा या जुन्या विमानाचं १/४८ स्केलचं मॉडेल बनवतेय, म्हणजे खऱ्याच्या ४८ पट लहान. आपल्या एअरफोर्सकडे दुरुस्त होऊन २०१८ मधे आलेलं एक डकोटा आहे, परशुराम नाव, नंबर व्हीपी ९०५, आणि २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटांपैकी एकाचा हा नंबर. ते आकाशात बघितल्यापासून मला ते घरात हवंच होतं. किट आलं, पंख जुळले, बॉडी जुळली, सगळं छान चाललं होतं आणि मग इंजिनं आली. खऱ्या डकोटाला प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचं ट्विन वास्प इंजिन, गोलाकार बसवलेले १४ सिलिंडर, एकामागे एक ७-७ च्या दोन रांगा, ३० लिटर, १२०० हॉर्सपॉवर. त्याचा व्यास साधारण ४८ इंच, म्हणजे माझ्या स्केलला बरोब्बर एक इंच, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढं. आणि किटमधे त्याच्या जागी एक जाडसर चकती, तिच्यावर सिलिंडरचे उंचवटे, वायर एकही नाही. विमानाचं तोंडच निर्जीव दिसत होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

म्हणून सांताक्रूझ ईस्टला स्टेशनजवळच्या त्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात गेले, सगळ्यात बारीक तांब्याची तार मागायला. तुम्ही तिथे स्टुलावर बसला होतात, घरचा पंखा रिवाइंडिंगला दिलेला. "एवढी बारीक तार कशाला गं?" असं विचारलंत, मी मोबाईलवर मॉडेलचा फोटो दाखवला, तुम्ही दोन बोटांनी तो मोठा केलात आणि म्हणालात, "इंजिन उलटं बसवलंयस पोरी."

मी म्हटलं काका गोल आहे ते, त्याला उलटं सुलटं काय असणार. तेव्हा तुम्ही दुकानदाराचं बिलबुक ओढून घेतलंत आणि पाठकोऱ्या पानावर काढून दाखवलंत. एक नंबरचा सिलिंडर मागच्या रांगेत, अगदी वर. मागच्या रांगेत सगळे एकी नंबर, पुढच्या रांगेत सगळे बेकी. म्हणून पुढून बघितलं की डोक्यावर फट दिसते आणि खाली पायाशी सरळ उभा आठ नंबर. मी नेमकं उलट चिकटवलं होतं, सिलिंडर वर आणि फट खाली. एवढे दिवस त्या इंजिनचे फोटो बघत होते पण माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं, आणि तुम्हाला फोनच्या स्क्रीनवर एका नजरेत दिसलं.

मग तुम्ही फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर कुठल्या क्रमाने पेटतात ती, म्हणून दाखवलीत, शाळेतला पाढा म्हणावा तशी. १-१०-५-१४-९-४-१३-८-३-१२-७-२-११-६. वर युक्तीही सांगितलीत, नऊ मिळवायचे, चौदाच्या वर जात असेल तर पाच वजा करायचे. बसमधे बसून मी ती कागदावर करून बघितली, सहातनं पाच गेले की परत एकावर, चक्र बरोब्बर मिटतं. तुम्ही १९६७ साली अठराव्या वर्षी हँगरमधे हेल्पर म्हणून लागलात तेव्हा पहिल्या आठवड्यात पाठ केलेली ही ओळ, इतक्या वर्षांनी एका अनोळखी मुलीला दुकानात उभं राहून शिकवलीत. तार मिळालीच, ३८ गेजची, पण त्या दिवशी मी घरी आणलं ते त्याहून खूप जास्त होतं.

त्यानंतरचे रविवार. चेंबूरहून रिक्षा, लिंक रोड, वाकोला, आणि तुमच्या गॅलरीतलं ते टेबल ज्याच्यावरून दर थोड्या वेळाने विमान उतरायचं आणि आपण बोलणं थांबवायचो. तुम्ही मला मॉडेल कसं करायचं ते कधीच सांगितलं नाहीत, उलट पहिल्यांदाच म्हणालात की मला यातलं काही येत नाही, मला खरं इंजिन माहितीये, तू विचार. आणि मी काही चिकटवायला घेतलं की तुमचा एकच प्रश्न, "हे कशाला आहे तिथे?" उत्तर आलं नाही की चिमटा खाली ठेवायचा.

वायरींचंच घ्या. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, एक पुढे एक मागे, म्हणजे एका इंजिनाला २८. मी ०.३ मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडून, इंजिनाच्या नाकाभोवतीच्या कड्यातनं पुढच्या १४ वायरी काढून फेविक्विकने चिकटवल्या होत्या, छान वळणं देऊन, मला तर दागिन्यासारख्या वाटत होत्या. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, या लोंबतायत. इंजिन चालू झालं की सगळं थरथरतं, वायर सैल असेल तर कुठेतरी घासणार, सोलपटणार, आणि मग हवेत प्लग बंद पडणार, म्हणून प्रत्येक वायर मापात आणि क्लॅम्पमधे घट्ट. मी चौदाच्या चौदा उपटून परत केल्या, तीन रात्री गेल्या, पण आता त्या वायरी खरंच कुठूनतरी निघून कुठेतरी पोचतात.

पुशरॉडच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या, नळ्याही तशाच. किटमधल्या जाड होत्या, त्या ब्लेडने तासून काढल्या. मग किटचाच उरलेला स्प्रू, म्हणजे सुटे भाग ज्याला जोडून येतात ती प्लास्टिकची काडी, मेणबत्तीवर धरून ओढला, अर्धा मिलिमीटरचा धागा झाला, त्याचे तुकडे लावले, पुढच्या सात सिलिंडरना दोन दोन. एक इनटेकच्या व्हॉल्व्हचा, एक एक्झॉस्टचा, हे तुम्ही चहाच्या दोन चमच्यांनी दाखवलंत. रंगाचंही मी आधी सगळं इंजिन एकच चंदेरी मारलं होतं. तुमच्यामुळे कळलं की खालचं बॅरल स्टीलचं आणि वरचं डोकं ॲल्युमिनियमचं ओतीव, म्हणजे एकाच सिलिंडरमधे दोन धातू, आणि नाकाचं केसिंग राखाडी. नुसते हे तीन रंग वेगळे केले तर एक इंचाच्या त्या चकतीला खोली आली, विश्वास बसत नव्हता.

पण मला सगळ्यात जास्त थँक्यू म्हणायचंय ते तेलासाठी. मी विचारलं होतं इंजिन मळकं कसं करू, कारण सगळीकडे सारखा काळा वॉश, म्हणजे पातळ केलेला रंग, मारला की ते जुनं नाही, नुसतं घाणेरडं दिसतं. तुम्ही मला पहाटेचा हँगर सांगितलात. रात्रभर इंजिन उभं राहिलं की तेल पिस्टनच्या रिंगांवरून झिरपत खालच्या सिलिंडरमधे उतरतं, सगळ्यात खाली आठ नंबर, त्याच्या शेजारी सात आणि नऊ. तसंच स्टार्ट केलं तर तेल दाबलं जात नाही, आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी प्रोपेलर हाताने फिरवायचा, पाती मोजत. अडला तर जोर लावायचा नाही, खालचा प्लग काढून तेल गाळायचं. तुम्ही सांगताना उभे राहिलात आणि दोन्ही हात वर करून ते पातं ओढून दाखवलंत, गुडघा दुखत असताना, आणि काकी आतनं ओरडल्या.

तेव्हापासून मी डाग "मारत" नाही. आधी विचार करते तेल कुठून निघालं, कुठे साचलं, वाऱ्याने कुठे गेलं. बर्न्ट अंबर ऑइल कलर टर्पेन्टाइनमधे पातळ करून फक्त खालच्या तीन चार सिलिंडरच्या फिन्समधे, म्हणजे बाहेरच्या पातळ पट्ट्यांमधे, सोडला, वरचे जवळजवळ कोरडे ठेवले. काऊलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, कडांना फास्टनरजवळ रंग उडवला कारण तिथे रोज पान्हा आणि हात लागणार. आणि एक्झॉस्टच्या मागे मी काळी काजळी लावणार होते तर तुम्ही थांबवलंत, पेट्रोलमधे शिसं असायचं, मिक्श्चर लीन करून, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी ठेवून, लांब उडून आलेल्या विमानाच्या मागे फिकट राखेसारखा पट्टा असतो, काळा पट्टा म्हणजे रिच चाललंय, पेट्रोल जास्त जातंय. हे कुठल्याही फोटोवरून मला समजलं नसतं, दिसलं असतं तरी मी ते फोटोचा दोष समजून सोडून दिलं असतं.

जुलैमधे सगळं बिघडलं तेही आठवतंय. पावसाळी हवेत वरचा क्लिअर लॅकर दुधासारखा पांढरा पडला, फेविक्विकच्या भोवती पांढरी भुकटी धरली, मी तीन रविवार आलेच नाही. मग काकींचा फोन, की ये, औषधांच्या डब्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून ठेवल्यात, स्टीलच्या डब्यात घालून त्यात सुकव. त्या डब्यामुळे हे इंजिन आहे. काकी, तुम्हालाही थँक्यू, आणि थालीपिठासाठी वेगळं.

अजून एक सांगायचंय. उजव्या इंजिनाचं काऊलिंग मी बंद करणार नाहीये. बाजूला उघडून ठेवणार, खाली शिडी, आणि आठ नंबरच्या बरोब्बर खाली एक छोटा ट्रे, ॲल्युमिनियम फॉइलचा केलाय, त्यात दोन थेंब तेल. शिडीपाशी खाकी कपड्यातला एक हेल्पर उभा असेल, अठरा वर्षांचा, दोन्ही हात पात्यावर. त्याचा चेहरा मला जमेल तसा केलाय, तुमचा तो जुना फोटो समोर ठेवून.

डावं इंजिन अजून व्हायचंय. आणि त्याच्या पुढचं मॉडेल ठरलंय, पस मॉथ विमान, १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते. त्याचं जिप्सी इंजिन तर उलटंच टांगलेलं, क्रँक वर आणि चारही सिलिंडर खाली लोंबणारे. तुम्ही विचाराल म्हणून आधीच डोकं चालवतेय की यात रात्रभरात तेल कुठे उतरत असेल. माझ्या मते चारही सिलिंडरमधे. रविवारी चारला येते, बरोबर आहे का ते सांगा.

तुमची,
चेंबूरची पोरगी