आजीच्या काळजीला उत्तर

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. बाबांनाही नमस्कार सांग.

परवा फोनवर तू विचारलंस, "एवढ्याशा पोरीला कोंबड्यांत सोडता, चोच मारली तर? काही आजार झाला तर?" तेव्हा तुझी नात मध्ये मध्ये बडबडत होती, नीट बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

चोचीची मला फारशी भीती नाही. कोंबडा आम्ही ठेवलेला नाही आणि कोंबड्या गरीब स्वभावाच्या आहेत. स्वेटरच्या बटणावर, बुटाच्या नाडीवर टोचा मारतात, तेवढंच. तोंडाजवळ मात्र कोंबडी घेऊ देत नाही, कारण डोळा चकाकला की तिथेही चोच जाऊ शकते.

आजाराचं तुझं म्हणणं अगदी रास्त आहे. ठणठणीत दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेत आणि पिसांवरही साल्मोनेला हे जंतू असू शकतात, आणि 5 वर्षांखालच्या मुलांना त्याचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त होतो. म्हणून खुराड्याकडे जायचे बूट वेगळे, ते दाराबाहेरच राहतात. कोंबडीचा पापा घ्यायचा नाही, तिथे काही खायचं नाही. घरात आल्याबरोबर साबणाने हात धुवायचे, तेही आमच्यापैकी कुणाच्या तरी समोर, बोटांच्या बेचक्यांसकट. खुराडं साफ करायला ती नसते. अंड्याचा बलक घट्ट होईपर्यंत शिजवते. यात तिचं रडणंबिडणं मी ऐकत नाही.

आता तुझ्या नातीचं सांगते. तुला माहीतच आहे, ही पोर एका जागी क्षणभर बसत नाही. पण कोंबड्यांच्या मागे धावलं की त्या पळतात, आणि गुपचूप उकिडवं बसलं की आपणहून जवळ येतात, हे तिचं तिला उमगलं. आता दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून अशी बसते की बघत राहावं. तांबडी येते, मान वाकडी करून एका डोळ्याने हिला न्याहाळते, मग पायाशी माती उकरायला लागते. परवा मला कानात सांगितलं, "आई, ही खालून डोळा मिटते!" मी जाऊन पाहिलं तर खरंच, पेंगताना कोंबडीची खालची पापणी वर येते. इतके महिने मी रोज दाणे टाकतेय, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

अंड्यांसाठी आधी फार घाई असायची. सकाळपासून दहा वेळा पेटी उघडून बघायची. मग तिला सांगितलं की एक अंडं तयार व्हायला साधारण 24 ते 26 तास लागतात, त्यातले 20 एक तास नुसतं कवच बनण्यात जातात. आता पेटी रिकामी दिसली की ती स्वतःच म्हणते, "अजून कवच बनतंय." अंड्यातून पिल्लू का नाही निघत, हेही विचारून झालं. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते, पण त्यात पिल्लू होत नाही, असं सरळ सांगितलं. तिला ते पटलं.

दिवस लहान झाले तसं ठिपकीने अंडी देणं थांबवलं आणि तिची पिसं गळायला लागली. मान तर पार उघडी पडली. तुझी नात घाबरली, कोंबडी आजारी पडली का म्हणून. जुनी पिसं जाऊन नवी येतात, आणि पिसं बहुतेक प्रथिनांचीच बनलेली असल्यामुळे कोंबडीची ताकद तिकडे जाते, असं समजावलं. नव्या पिसांची टोकं फुटताना दुखरी असतात, म्हणून ठिपकीला हात लावायचा नाही. ते तिने इतकं पाळलं की घरी आलेल्या मोठ्या माणसांनाही दटावते.

एक कोंबडी मेली, हे तुला कळवलं नव्हतं. रात्री दांडीवर बसली, सकाळी खाली पडलेली होती. पोरीला काय सांगायचं यावर आम्ही दोघं जरा बोललो. "झोपली" म्हणायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं, नाहीतर पोर झोपायलाच घाबरायची. मेली, आता उठणार नाही, तिला दुखतही नाही, एवढंच सांगितलं. ती रडली. पुढे बरेच दिवस दाणे टाकताना तिचं नाव घेऊन विचारायची आणि मी दर वेळी तेच उत्तर द्यायचे. लहान मुलांपासून हे लपवू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

थंडी सरली की काळी बहुधा खुडूक होईल, म्हणजे अंडी उबवायला बसेल. तेव्हा तिच्याखाली फळलेली अंडी ठेवायचा विचार आहे, 21 दिवसांत पिल्लं निघतील. पण नात 5 वर्षांची होईपर्यंत पिल्लं हातात मिळणार नाहीत, नुसती बघायची. माझ्याशी त्यावरून आत्तापासूनच भांडते आहे. रविवारी व्हिडिओ कॉलवर तूच सांग, तुझं ती ऐकते.

तुझी,
लेक